भासऱ्यांच्या लॉनवरचं चार्जिंग

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझ्या चुलत भासऱ्यांशी मी एक शब्द बोलले नव्हते. भांडण होतं म्हणून नाही, रीत होती म्हणून. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खुर्चीवर बसायचं नाही, अन् त्याच्याशी सरळ बोलायचं तर मुळीच नाही. अगदीच सांगायची वेळ आली तर दाराकडं नाहीतर भिंतीकडं तोंड करून सांगायचं. दारा, चहा झाला म्हणावं. दारा, पाहुणे आले म्हणावं. सासूनं हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं अन् मी शिकले. दहावीपर्यंत शाळा झाली होती माझी, आजही लिहिताना 'मला' लिहिते अन् तोंडानं 'मले' म्हणते, पण त्या घरात शाळेला कोण विचारतो.

या रितीचा फायदा त्यांनी घेतला तसा मीही घेतला. जिला बोलता येत नाही तिला ऐकूही येत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. माझ्यासमोर ते काय वाट्टेल ते बोलायचे. कोणाचा बांध सरकवायचा, कोणाला कुठल्या कमिटीतून काढायचं, सगळं. मी पदर ओढून चहा गाळत उभी असायची. ऐकलेलं एक अक्षरही मी कधी विसरले नाही.

आमचं हॉटेल लोणार-मेहकर रस्त्यावर, सुलतानपूरच्या अलीकडं, आमच्या गावच्या फाट्यावर आहे. हॉटेल म्हणजे शहरातल्या माणसाला वाटतं तसलं नव्हे. टिनपत्र्यांचं छप्पर, बाकडी, एक भट्टी, मागं आमच्या हिश्शाची पडीक जागा अन् पुढं मोठा कडुनिंब. चहा, भजे, आलुबोंडे. नवरा तळायला अन् मी चहाला. एसटी अगदी निंबाखाली थांबायची. डायवर-कंडक्टर उतरायचे, बसची वाट पाहणारे लोक बसायचे, अन् वाट पाहणारा माणूस चहा पितोच पितो. नवऱ्याच्या हातच्या आलुबोंड्यासाठी लोक आधीची गाडी सोडून नंतरच्या गाडीनं जायचे. तेव्हा तो गल्ल्यामागं असा ऐटीत बसायचा की पाहत राहावं.

मग भासरे सरपंच झाले. रस्त्यावर खाली, उतारावर त्यांचे दुकानांचे गाळे होते, रिकामे पडलेले. त्यांनी तिथं सिमेंटचा निवारा बांधून घेतला अन् एसटीचा थांबा फाट्यावरून उचलून आपल्या गाळ्यांसमोर नेला. फाट्यावर म्हणे अपघाताचा धोका होता. इतक्या वर्षांत तिथं एक कोंबडी मेली नव्हती. पण बोलणार कोण? नवरा त्यांच्यासमोर मान वर करत नव्हता अन् मी दाराशी बोलणारी. आमच्या बाकड्यांवर धूळ बसायला लागली, अन् भासऱ्यांच्या गाळ्यांत दुसऱ्याच कोणाचं हॉटेल धडाक्यात चालू झालं.

वर्षभर नवऱ्यानं तग धरला, मग पुण्याला गेला. एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागला. जाताना म्हणाला, "गिऱ्हाईक परत आलं की म्याबी परत येतो." मी त्याला एवढंच सांगितलं की हॉटेल मी बंद करणार नाही. तो दिवाळीला अन् पोळ्याला यायचा, दोन दिवस राहायचा, अन् जाताना पुन्हा तेच म्हणायचा. दर खेपेला थोडं हळू म्हणायचा. मला गिऱ्हाईक परत आणायचं होतं, कारण माझा माणूस गिऱ्हाइकामागून येणार होता. अन् ज्यानं ते नेलं त्याच्या डोळ्यांदेखत आणायचं होतं. लोक म्हणायचे, जाऊ दे वहिनी, घरचेच हायेत. जाऊ दे काय? माझा संसार उठवला अन् वर घरचे!

असंच एकदा उन्हाळ्यात निंबाखाली एक गाडी येऊन थांबली. आवाज नाही, धूर नाही. नवरा-बायको, म्हातारी आई अन् एक लहान मुलगी. लोणारचं सरोवर पाहून परत निघाले होते अन् गाडीची बॅटरी उतरली होती. बाई हात जोडून म्हणाली, तुमच्याकडं प्लग असेल तर लावू द्या. मी मिक्सरचा प्लग काढून त्यांची वायर लावून दिली. घरच्या विजेवर ती गाडी इतकी हळू भरते हे मला काय माहीत! दुपार उलटून गेली. त्या लोकांनी चहा घेतला, भजे खाल्ले, मग जेवणाचं विचारलं म्हणून मी पिठलं-भाकरी टाकली. म्हातारी माझ्या खाटेवर झोपली. मुलगी शेळीच्या पिलामागं धावत राहिली. जाताना बाई म्हणाली, इतकं निवांत आम्ही कितीतरी दिवसांत बसलो नव्हतो.

ते गेले अन् मी बाकड्यावर बसून राहिले. डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पेट्रोलची गाडी येते, पिते, निघून जाते. ही गाडी बसते. हिच्यातल्या माणसाला वाट पाहावी लागते. म्हणजे हिच्या यंत्राची जागा रिकामं माळरान बघून ठरवायची नसते, माणूस कुठं तासभर सुखानं बसेल ते बघून ठरवायची असते. सावली पाहिजे, पाणी पाहिजे, चहा पाहिजे, बाईमाणसाला आडोसा पाहिजे. हे सगळं माझ्या फाट्यावर होतं. विजेची डीपीसुद्धा आमच्या जागेला लागूनच होती. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला अन् सांगितलं, तयारीत राहा.

श्रावणात खरंच एका कंपनीची माणसं जागा पाहत आली. समृद्धीवरून उतरून लोणारला जाणाऱ्या गाड्यांसाठी त्यांना मध्ये एक ठिकाण हवं होतं. एक तरुण इंजिनिअर अन् त्याच्यासोबत एकजण. माझ्याकडं चहा प्यायला थांबले. मी सोडते का! डीपी दाखवली, निंब दाखवला, मागची जागा दाखवली, उन्हाळ्यातल्या त्या गाडीची गोष्ट सांगितली. इंजिनिअरला जागा पटली, मला तोंडावर दिसत होतं. दोन्हीकडचा रस्ता दिसतो, असं तो स्वतःच म्हणाला. मला वाटलं झालं आपलं काम.

पण गावात बातमी लपत नाही. अर्ध्या तासात भासऱ्यांची जीप फाट्यावर. त्यांनी पाहुण्यांना गाडीत घातलं अन् आपल्या लॉनवर नेलं. गाळ्यांच्या मागं त्यांनी लग्नाचं लॉन काढलं होतं, हिरवळ, दिवे, संडास-बाथरूम, समोर गाड्यांसाठी मोकळं मैदान. पाहुण्यांना पुरणपोळी जेवू घातली. जेवण झाल्यावर चहा मात्र माझ्याकडून मागवला, सगळ्या गावात माझ्यासारखा चहा होत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मी किटली घेऊन गेले अन् पदर ओढून कडेला उभी राहिले.

इंजिनिअर मैदानाकडं पाहत होता. त्यानं सरळ विचारलं, लग्नांच्या दिवसांत ही जागा मोकळी राहील का, कारण यंत्रासमोर गाडी उभी करायला जागा लागते. भासऱ्यांनी रस्त्यापलीकडचं आपलं वावर दाखवलं. त्यात सोयाबीन कंबरेला लागत होतं. म्हणाले, हे सोयाबीन एकदा निघालं की पाहुण्यांच्या गाड्या तिथं लागतील, हे मैदान तुमच्या यंत्राचं, बारा महिने मोकळं. भोवती गावचे चारपाच लोक उभे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. अन् त्यातल्या एकूण एकाला ठाऊक होतं की सोयाबीन निघालं की त्या वावरात हरभरा पेरला जातो. विहिरीचं पाणी असलेलं वावर आमच्याकडं कोणी रिकामं ठेवत नाही, भासरे तर नाहीच नाही. श्रावण होता, लग्नं बंद, मैदान झाडून लख्ख केलेलं. परगावच्या पोराला ते पाहून भूल पडली यात त्याचा काय दोष?

मी बोलू शकले असते. भिंतीला सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं. पहिल्यांदा रीत आडवी आली, खोटं कशाला सांगू. जीभ उचललीच नाही. पण कप भरता भरता मला दुसरंच काही सुचलं अन् मग मी आनंदानं गप्प बसले. म्हटलं, लावा. लावाच तुमच्या दारात. तुळशीचं लग्न लागू द्या.

नवरात्रात यंत्रं बसली. दोन यंत्रं अन् वर पत्र्याचं छान शेड, तीन बाजूंनी बंद. नारळ फुटला, पेढे वाटले, भासऱ्यांनी फेटा बांधून फोटो काढला. दिवाळीला नवरा आला तर आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांचं अभिनंदन करून आला. मी म्हटलं, तुमच्या पोटावर ज्यानं पाय दिला त्याचं अभिनंदन करता? तो म्हणाला, मोठे हायेत. बॅग भरताना या वेळी परत येण्याचं काहीच बोलला नाही. तो गेल्यावर मी भट्टी पेटवली अन् एवढा राग आला होता की पहिला घाणा जाळला.

अन् तुळशीचं लग्न लागलं. पहिल्याच मुहूर्ताला लॉनवर लग्न. पलीकडं हरभरा टरारून वर आलेला, म्हणून जीपा, ट्रॅव्हल्स, बँडवाल्यांचा टेम्पो, सगळं यंत्रांसमोर. दुपारी एक पांढरी गाडी आली, आत जायला वाट नाही, हॉर्न बँडच्या आवाजात कोणाला ऐकू येतो! ते बिचारे हळूहळू चढ चढून माझ्या फाट्यावर आले. मी त्यांना पाणी दिलं, प्लग दिला, चहा दिला. अन् सांगितलं की खाली यंत्रावर कंपनीचा नंबर लिहिलाय, परत जाऊन फोटो काढा अन् त्यावर पाठवा, मीच दाखवते चला. त्यांनी फोटो काढला. नवरदेवाची घोडी नेमकी यंत्राला बांधलेली होती, माझं नशीबच म्हणायचं.

मग काय, प्रत्येक मुहूर्त माझा. लोक कॅलेंडरात एकादशी पाहतात, मी लग्नतिथी पाहायला लागले. सकाळी बँड वाजला की मी पीठ जास्त भिजवायची. जो कोणी अडकून वर यायचा त्याला मी बसवायची, त्याचं ऐकायची, अन् नंबर सांगायची. कोणाला भडकवलं नाही. भडकलेलेच यायचे, मी फक्त दिशा दाखवायची. खाली भासऱ्यांना कंपनीचे फोन जायला लागले. ते म्हणायचे, आज तेवढं एकच लग्न होतं, उद्यापासून मोकळं. उद्या दुसरं लग्न असायचं. एक तारीखसुद्धा त्यांनी सोडली नाही.

त्यांना कळलं हे कोण करतंय. सरळ माझ्याशी बोलणं नाही, म्हणून मोठ्या जाऊबाईंना पाठवलं. त्या बिचाऱ्या निंबाखाली बसून पदराला हात पुसत राहिल्या. निरोप असा की हॉटेलचे पुढचे पत्रे रस्त्याच्या हद्दीत येतात, एक अर्ज गेला की निघतील, तेव्हा जरा बेतानं घ्यावं. मी त्यांना चहा पाजला. म्हटलं, जाऊबाई, तुमच्यावर माझा राग नाही, पण त्यांना सांगा की निरोप मिळाला नाही, भिंतीला ऐकू आलं नाही. जाऊबाईंना हसू आलं अन् त्यांनी ते गिळलं. मी मात्र त्या दिवशी हसले नाही. पत्रे गेले तर हॉटेल गेलं, अन् हॉटेल गेलं तर पुण्याहून कोण कशाला परत येईल?

माघात त्यांच्या पोराचं लग्न निघालं, आपल्याच लॉनवर. मी घरची सून, मला आवतण होतंच. लग्नाच्या चार दिवस आधी मी कंपनीच्या त्या नंबरावर स्वतः फोन केला. जी बाई बोलली ती संभाजीनगरची, या सगळ्या यंत्रांची साहेब निघाली. तिच्याकडं आमच्या लॉनचे फोटो होतेच. मी म्हटलं, मॅडम, फोटो पाहू नका, स्वतः या, आपल्याच गाडीत या, अन् अमुक दिवशी या. ती म्हणाली त्या दिवशी काय आहे. मी म्हटलं, आमच्या घरचं लग्न आहे, जेवूनच जा.

लग्नाच्या दिवशी पहाटेच मी मदतीला गेले. गार वारा सुटला होता, आचाऱ्याची भट्टी धड पेटत नव्हती. आचारी दूरगावचा, गरीब माणूस, नुसता इकडून तिकडं करत होता. तेवढ्यात भासरे आले. मी तिथंच कांदे चिरत बसले होते, म्हणजे त्यांच्या लेखी कोणीच नव्हतं. त्यांनी आचाऱ्याला हाक मारली अन् यंत्रांचं शेड दाखवलं. तीन बाजूंनी बंद हाय, वारा लागत नाही, तठी मांडा भट्ट्या. आचारी म्हणाला, तठी तर मशिनी हायेत. भासरे म्हणाले, त्या काही खात नाहीत, मांडा.

मांडल्या. बाप रे, काय दृश्य होतं! एका यंत्रापुढं बुंदीची कढई, दुसऱ्यापुढं पुऱ्या, मध्ये गॅसच्या टाक्या उभ्या. यंत्राची वायर ज्या हुकावर अडकवतात त्यावर आचाऱ्यानं झारा अडकवला होता अन् वर गमछा वाळत घातला होता. मी कांदे संपवले, हात धुतले अन् फाट्यावर जाऊन उभी राहिले.

मॅडम आली, वेळेवर आली. बॅटरी जवळपास संपलेली. तिची गाडी माझ्या निंबाखाली लावायला सांगून मी तिला पायी खाली घेऊन गेले. अक्षता पडून गेल्या होत्या, पहिली पंगत बसत होती. मांडवातून, सगळ्या भाऊबंदांमधून, सोयऱ्यांमधून मी तिला सरळ शेडापर्यंत नेलं. ती उकळत्या तेलाकडं पाहत राहिली. मग यंत्रावरचा गमछा तिनं दोन बोटांनी उचलला अन् बाजूला ठेवला. ओरडली नाही. एवढंच विचारलं की हे इथं मांडायला कोणी सांगितलं.

भासरे फेटा सावरत आले. मागोमाग व्याही आले, गावचे लोक आले. भासऱ्यांनी आचाऱ्याकडं बोट केलं. म्हणाले, हा बाहेरचा माणूस, यानं न विचारता मांडलं, आताच्या आता याला हाकलतो, याचा हिशोबच करत नाही. आचारी हात जोडून उभा राहिला. पंगतीत वाढायचं थांबलं होतं अन् सगळे त्या गरीब माणसाकडं पाहत होते.

मी डोक्यावरचा पदर नीट केला. भासऱ्यांकडं पाठ केली. यंत्राकडं तोंड करून उभी राहिले अन् चांगल्या खणखणीत आवाजात बोलले, "मशिनी, तूच सांग माय. सकायी भासरे इथंसा आल्ते. वारा लागत नाही, तठी मांडा भट्ट्या, असं थेच म्हणले का नाही? आचारी म्हणला मशिनी हायेत, तं काय म्हणले? मशिनी काही खात नाहीत म्हणले. अन् श्रावणात सायबाले सांगतलं का मैदान बारा महिने मोकयं राहीन. मंग त्या वावरात हरभरा कोनं पेरला वं, सांग ना यायले."

मग व्याह्यांच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं, अन् ते हसू पंगतीतून थेट मागच्या बायकांपर्यंत गेलं. रीत तर मी मोडली नव्हती! एक शब्द मी त्यांच्याशी बोलले नव्हते. भासऱ्यांचं तोंड काळंनिळं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले, "घरात जाय." मी यंत्रालाच सांगितलं, "जातो म्हणावं. पयले या पाहुण्याबाईले जेवू घालतो." मॅडम तिथं जेवली नाही. तिला मी फाट्यावर आणून भाकरी अन् ठेचा वाढला. सांगायला हरकत नाही, इतकं गोड जेवण मला माझ्या लग्नातही लागलं नव्हतं.

महिन्याभरात यंत्रं लॉनवरून निघाली. ती ट्रकवर चढताना मी रस्त्यावर उभी राहून पाहिली, मुद्दाम उभी राहिले. जागा फाट्यावरची ठरली, आमच्या हॉटेलच्या मागची. जागा नवऱ्याच्या नावावर होती, सही त्याची लागत होती. मी फोन केला अन् म्हटलं, गिऱ्हाईक आलं, आता या. त्यानं गेटवरचं काम सोडलं. पाडव्याच्या आधी तो पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरला. अन् पत्र्यांबद्दलचा तो अर्ज काही कुठं गेला नाही, कारण आता त्या पत्र्यांखाली बसायला तालुक्याचे साहेबलोक स्वतः येऊ लागले होते.

मी गल्ला पुसून ठेवला होता. गल्ल्यामागची खुर्ची नवी आणली होती. तो बसला की भट्टीवर मी अन् एक मदतीची बाई, असं मी ठरवलं होतं. पण तो खुर्चीत बसेना. बसला तरी टेकेना. रस्त्यावरून गाडी आत वळली की ताडकन उठायचा, सदरा खाली ओढायचा, धावत जाऊन गाडीचं दार उघडायचा अन् टाच जुळवून सलाम ठोकायचा. पोरगेलेशा ड्रायव्हरलाही. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची, एकदोघांनी त्याच्या हातात सुटे पैसे ठेवले अन् त्यानं ते घेतले. मी त्याला म्हटलं, हॉटेल तुमचं हाय, जागा तुमची हाय. तो ओशाळून हसला. म्हणाला, सवय हाय, सुटंल हळूहळू.

मी गप्प बसले, कारण माझं एक काम उरलं होतं. भासऱ्यांच्या पोरानं लग्नात असलीच बिनपेट्रोलची गाडी घेतली होती. घरच्या विजेवर रात्रभर लावून ते भागवायचे, माझ्या दारात यायला लागू नये म्हणून. पण वैशाखात कधीतरी रात्रीची लाईट जाणार, हे मला ठाऊक होतं, अन् मी वाट पाहत होते. त्यांना तासभर उन्हाच्या बाकड्यावर बसवायचं, चहा विचारायचा नाही, पाणीसुद्धा नाही. मी काय काय बोलायचं ते भट्टीसमोर घोकून ठेवलं होतं.

अन् एका दुपारी गाडी आलीच. व्याह्यांकडं अकोल्याला निघाले होते, रात्री गावची लाईट गेलेली, बॅटरी पार उतरलेली. पोरगा चालवत होता, भासरे मागं बसले होते. मी हात पुसत बाहेर आले. तेवढ्यात नवरा माझ्या बाजूनं धावत गेला. त्यानं मागचं दार उघडलं, टाच जुळवली अन् त्यांना सलाम ठोकला. भासऱ्यांनी मान हलवली. कसं हाय बे, असं म्हणाले अन् जणू रोजच घेतात तसा तो सलाम घेऊन खाली उतरले.

घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं. यंत्राची वायर मी त्यांच्या पोराच्या हातातून काढून घेतली. डोक्यावरचा पदर कधी खाली पडला मला कळलं नाही अन् कळल्यावर मी तो उचलला नाही. भासऱ्यांच्या डोळ्यांत पाहून सरळ बोलले, "भाऊजी, ज्याले तुम्ही गेटावर उभं केलं त्याले आज तुम्ही सलाम करा. मंग वायर लावतो."

निंबाखाली दोन कुटुंबं बसली होती, ती वळून पाहायला लागली. पोरगा गाडीकडं पाहत राहिला. पुढचं चार्जिंग लांब होतं अन् गाडी तिथवर जाणार नव्हती हे भासऱ्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. नवरा माझ्या दंडाला धरून पुटपुटत होता, अवं मोठे हायेत, मोठे हायेत. मी जागची हलले नाही. भासऱ्यांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं. मग त्यांचा हात हळूहळू वर यायला लागला. कंबरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला.

तो कपाळापर्यंत पोचायच्या आत माझ्या नवऱ्यानं माझा दंड सोडला, टाच जुळवली अन् त्यांना पुन्हा सलाम ठोकला.